बंद सिलिंडरच्या आत : जुन्या बोटीचं इंजिन आणि कॉम्प्रेशनच्या आकड्याचा इतिहास



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की कॉम्प्रेशन टेस्ट हे मेकॅनिकचं काम, इतिहासाच्या व्याख्यानात ती कशाला? पण यंत्रांचा इतिहास म्हणजे फक्त शोध कुणी लावला याची यादी नव्हे. यंत्र विकलं जातं, वापरलं जातं, जुनं होतं आणि पुन्हा विकलं जातं. त्या दुसऱ्या विक्रीच्या वेळी एक अवघड प्रश्न उभा राहतो. विकणाऱ्याला यंत्राची खरी अवस्था ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. मग घेणाऱ्यानं ओळखायचं कसं?

जुनी बोट घ्यायला गेलेल्या माणसाचं उदाहरण घेऊ. बोटीचं लाकूड तो हाताने ठोकून बघतो, टोचून बघतो. कुजलेली फळी आवाजावरून कळते. फायबरची बोट असेल तर बारीक हातोडीने ठोकत गेलं की पोकळ जागा बोलते. जाळी, दोर, विंच डोळ्यांना दिसतात. पण इंजिन? त्याला नवा रंग मारलेला असतो, वरून ऑइल पुसलेलं असतं. आतल्या पिस्टनच्या रिंगा किती झिजल्यात, वॉल्व्ह नीट बसतात का, हेडचं गॅसकेट धडधाकट आहे का, हे बाहेरून दिसत नाही. आणि सौद्यातल्या पैशाचा मोठा भाग याच न दिसणाऱ्या वस्तूसाठी असतो.

डिझेल इंजिनाच्या बाबतीत आतली अवस्था सांगणारा एक आकडा आहे. पिस्टन वर येताना सिलिंडरातली हवा किती दाबली जाते, तो आकडा. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला सरळ ‘कॉम्प्रेशन’ म्हणतात. ‘कॉम्प्रेशन गेलंय’ म्हटलं की इंजिनाचं काम निघालं, हे मालकाला वेगळं सांगावं लागत नाही. हा आकडा आजवर कुणाला दिसला, कुणापासून लपला आणि का, हा आजच्या व्याख्यानाचा प्रश्न.

आकडा एवढा महत्त्वाचा का?

सायकलचा पंप जोरात मारला की खालचं टोक गरम होतं. हवा दाबली की तापते, एवढीच गोष्ट. दक्षिण-पूर्व आशियात याच तत्त्वावर विस्तव पेटवण्याची साधनं पूर्वीपासून होती. एका नळीत दट्ट्या झटक्यात दाबायचा आणि तळाशी ठेवलेला कापूस पेटवायचा.

पेट्रोल इंजिनात ठिणगीसाठी प्लग असतो. डिझेल इंजिनात ठिणगी नाही. हवा तिच्या मूळ आकारमानाच्या साधारण सोळाव्या ते बाविसाव्या हिश्श्यात कोंबली जाते आणि तापमान पाचशे अंश सेल्सियसच्या आसपास किंवा वर जातं. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की ते आपोआप पेटतं. म्हणजे डिझेलमध्ये कॉम्प्रेशन हीच काडी आणि हीच पेटी. रिंगांमधून हवा निसटली तर दाब कमी, दाब कमी म्हणून उष्णता कमी, उष्णता कमी म्हणून डिझेल पेटत नाही आणि पांढरा धूर सुटतो. पेट्रोलचं इंजिन कॉम्प्रेशन कमी झालं तरी रडत-कढत सुरू होतं. डिझेल एका मर्यादेनंतर सुरूच होत नाही. रस्त्यावर ही गैरसोय असते. समुद्रात, खडकांकडे ओढणारा वारा असताना, हा जीवनमरणाचा प्रश्न होतो.

सर्व्हे आधी लाकडाचा होता

जहाजाची पाहणी करून त्याला दर्जा द्यायची पद्धत इंजिनांहून जुनी आहे. लंडनमध्ये एडवर्ड लॉइडच्या कॉफीहाउसात जहाजमालक, व्यापारी आणि विमा उतरवणारे जमत. त्या वर्तुळातून पुढे जहाजांची नोंदवही निघाली. तिची हाती आलेली सर्वांत जुनी प्रत १७६४ सालची. त्यात सांगाड्याला ए, ई, आय, ओ, यू अशी अक्षरं दिली जात, आणि दोर, नांगर वगैरे सामानाला चांगलं, मध्यम, वाईट अशा अर्थाची. ‘ए वन’ हा शब्द आज आपण चहाच्या टपरीवरही वापरतो, तो याच नोंदवहीतून आला.

या नोंदवहीचे दोन विशेष लक्षात घ्या. एक, पाहणी करणारा माणूस ना विकणारा होता, ना घेणारा. तो तिसरा होता. दोन, ही नोंदवही सर्वांसाठी खुली नव्हती, वर्गणीदारांसाठी होती. ज्याचे पैसे बुडू शकतात त्याने खर्च करून माहिती मिळवली आणि ती स्वतःजवळ ठेवली.

वॉटची पेन्सिल

वाफेचं इंजिन आलं तेव्हा बंद सिलिंडरचा प्रश्न प्रथम उभा राहिला. जेम्स वॉटने सिलिंडरला जोडायचा एक छोटा दाबमापक बनवला होता. १७९६ मध्ये त्याचा सहकारी जॉन सदर्न याने त्याला सरकती पाटी आणि पेन्सिल जोडली. पिस्टन जसा हलेल तशी पाटी हलणार, दाब जसा बदलेल तशी पेन्सिल वरखाली होणार. कागदावर एक बंद आकृती उमटायची. त्या आकृतीवरून वाफ कधी शिरते, कधी निसटते, इंजिन किती काम करतं, सगळं वाचता यायचं. या उपकरणाला इंडिकेटर म्हणतात. न उघडता आत बघण्याची ही पहिली खरी खिडकी.

आणि या खिडकीचं काय केलं? बोल्टन आणि वॉट यांच्या कंपनीने ती पंचवीसएक वर्षं गुप्त ठेवली. धंद्याच्या दृष्टीने त्यात नवल नाही. ज्याच्याकडे आतलं चित्र आहे तो इंजिन सुधारू शकतो आणि ग्राहकाशी वाद घालू शकतो. ग्राहकाकडे मात्र फक्त धूर आणि कोळशाचं बिल.

ऑग्सबर्ग, १० ऑगस्ट १८९३

आता डिझेलकडे येऊ. रुडॉल्फ डिझेल १८५८ मध्ये पॅरिसमध्ये जन्मला, म्युनिकला कार्ल फॉन लिंडे यांच्या हाताखाली शिकला आणि पुढे त्यांच्याच बर्फ-कारखान्यांच्या धंद्यात इंजिनिअर म्हणून राबला. वायू दाबणं आणि प्रसरण पावू देणं हा त्याचा रोजचा विषय होता. १८९३ च्या फेब्रुवारीत त्याला जर्मन पेटंट मिळालं. त्याच्या सुरुवातीच्या कल्पनेत हवा वातावरणाच्या अडीचशे पट दाबापर्यंत न्यायची होती. हा आकडा कागदावर छान होता, पण असा दाब धरणारे पिस्टन आणि रिंगा त्या काळी कोण बनवणार? डिझेलला स्वतःलाच आकडा बराच खाली आणावा लागला.

ऑग्सबर्गच्या कारखान्यात पहिलं प्रायोगिक इंजिन उभं राहिलं. १० ऑगस्ट १८९३ रोजी ते कारखान्याच्या पट्ट्याने फिरवून आत इंधन सोडलं. इंधन पेटलं. पण त्या पहिल्या स्फोटाच्या दाबाने सिलिंडरवर बसवलेला इंडिकेटरच फुटला आणि त्याचे तुकडे उडाले. म्हणजे बघा, डिझेल इंजिनाच्या इतिहासातली पहिली घटना म्हणजे दाब मोजणारं उपकरण फुटणं! मात्र फुटण्याआधी त्याने सांगायचं ते सांगितलं होतं. नुसत्या दाबलेल्या हवेने इंधन पेटतं.

पुढची साडेतीन वर्षं मुख्यतः गळतीशी आणि इंधनाच्या फवाऱ्याशी झुंजण्यात गेली. १७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन स्वतःच्या बळावर मिनिटभर चाललं. बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ ला, म्युनिकच्या तंत्रविद्यापीठातले प्राध्यापक मॉरिट्झ श्रोटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. इंधनातल्या उष्णतेपैकी २६ टक्क्यांहून थोडी जास्त उष्णता कामात बदलली. त्या काळची वाफेची इंजिनं याच्या निम्म्यालाही क्वचितच पोहोचत.

इथे पुन्हा तो ‘तिसरा माणूस’ दिसतो. डिझेलचा शब्द पुरेसा नव्हता, कारखान्याचा तर नाहीच. प्राध्यापकांनी मोजलं म्हणून बाजाराने मानलं. त्याच वर्षी अमेरिकेतले बिअरचे कारखानदार अडॉल्फस बुश यांनी तिथले हक्क दहा लाख मार्कांना घेतले. पण पैसे मोजण्याआधी त्यांनी मायर नावाच्या इंजिनिअरला जर्मनीला पाठवून इंजिनाचा अहवाल मागवला. आजच्या भाषेत, खरेदीआधी सर्व्हे केला.

आणि तरीही पुढे काय झालं? १८९८ मध्ये केम्प्टनच्या आगपेटीच्या कारखान्यात पहिलं विक्रीचं डिझेल इंजिन बसलं. काडीशिवाय पेटणारं यंत्र काड्या बनवणाऱ्यांनी घेतलं! ते सतत बंद पडत राहिलं. चाचणीत उत्तम निघालेलं यंत्र रोजच्या कामात वेगळं वागतं, हा धडा उद्योगाने सुरुवातीलाच घेतला. एका दिवसाचा आकडा पुरत नाही, आकडा पुन्हापुन्हा घ्यावा लागतो.

जहाजावरचा छोटा कॉक

१९१२ मध्ये कोपनहेगनच्या बर्माइस्टर अँड वाइन कारखान्यात बांधलेलं ‘सेलांडिया’ जहाज बँकॉकच्या सफरीवर निघालं. आठ-आठ सिलिंडरांची दोन डिझेल इंजिनं. जहाजाला नेहमीसारखं धुराडंच नव्हतं. महासागर ओलांडणाऱ्या मोटार-जहाजांचं युग इथून सुरू झालं असं मानतात.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठ्या जहाजी इंजिनांची एक छोटी गोष्ट फार मोलाची आहे. प्रत्येक सिलिंडरच्या हेडवर एक कॉक असतो, इंडिकेटर कॉक. वॉटच्या खिडकीचाच वारसा. इंजिनिअर तिथे इंडिकेटर लावतो आणि कार्ड काढतो. एखाद्या सिलिंडरचं इंधन थोडा वेळ बंद करून कार्ड काढलं की नुसत्या हवेच्या दाबाची रेघ मिळते, तेच कॉम्प्रेशन. सगळ्या सिलिंडरांचे आकडे शेजारी-शेजारी लिहिले जातात. गेल्या महिन्यापेक्षा चार नंबरचा दाब उतरला असेल तर रिंगा किंवा एक्झॉस्ट वॉल्व्ह बघायचा, असा निर्णय घेता येतो. हे आकडे वहीत राहतात. जहाज विकलं गेलं तर घेणाऱ्याला मागचे आकडे मागता येतात. म्हणजे वॉटने गुप्त ठेवलेलं चित्र शंभर-सव्वाशे वर्षांत नोंदवहीतली रोजची बाब झालं.

इंजिन लहान झालं, खिडकी गेली

सुरुवातीच्या डिझेलमध्ये इंधन आत ढकलायला दाबलेली हवा लागायची, त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर. त्यामुळे इंजिन अवजड. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतर हवेशिवाय थेट इंधन फवारायची पद्धत रुळली आणि १९२७ मध्ये बॉशने इंधनपंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं. इंजिन एकदम लहान आणि वेगवान झालं. ट्रक, ट्रॅक्टर, जनरेटर असं सगळीकडे शिरलं. १९३२ मध्ये सुरू झालेल्या इंग्लंडच्या पर्किन्ससारख्या कारखान्यांची इंजिनं थोडा बदल करून बोटीत बसू लागली. खारं पाणी सोसणारा पंप आणि कूलर, पाण्याने थंड होणारा एक्झॉस्ट, बोटीचा गिअरबॉक्स एवढं जोडलं की ट्रकचं इंजिन ‘मरीन’ झालं.

पण या इंजिनांना इंडिकेटर कॉक नव्हता. स्वस्त इंजिनात प्रत्येक सिलिंडरला जादा भोक आणि कॉक कोण देणार? शिवाय हजारो फेऱ्यांच्या वेगाला जुना इंडिकेटर पुरतही नव्हता. मोठ्या जहाजाच्या कंपनीला आतलं दिसायचं. लहान बोटीच्या मालकाला, ज्याचं सगळं घर त्या एका इंजिनावर उभं असतं, त्याला मात्र दिसेनासं झालं.

मधल्या काळात एक साधी खिडकी होती, ती म्हणजे हॅंडल. लिस्टरसारखी एक सिलिंडरची, जड चाकाची इंजिनं हाताने सुरू होत. आपल्याकडे किर्लोस्करांच्या आणि इतरांच्या हॅंडल इंजिनांनी महाराष्ट्रातल्या कित्येक विहिरी उपसल्या. डीकॉम्प्रेशनची खटकी उचलून चाकाला वेग द्यायचा, मग खटकी सोडायची, की इंजिन धडधडलं. पण खटकी न उचलता हॅंडल सावकाश फिरवून बघितलं, तर पिस्टन वर येताना हाताला विरोध जाणवतो. चांगलं इंजिन हॅंडल मागे ढकलतं. झिजलेलं इंजिन फुसकन सोडून देतं. शेतकऱ्याच्या मनगटात दाबमापक होता असं म्हणायला हरकत नाही. सेल्फ-स्टार्टर आला आणि तोही गेला.

कोकणच्या किनाऱ्यावर हा प्रश्न कसा उभा राहतो

स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९५० च्या दशकापासून, आपल्या किनाऱ्यावर शिडाच्या होड्यांमध्ये सरकारी कर्ज आणि सहकारी सोसायट्यांच्या आधाराने इंजिनं बसू लागली. आज ससून डॉक असो, मिरकरवाडा असो की हर्णै, ट्रकच्या घराण्यातली इंजिनं बोटींमध्ये सर्रास दिसतात. मेकॅनिक तीच इंजिनं जाणतो, पार्ट सहज मिळतात. व्यवहार म्हणून हे शहाणपणाचं आहे.

पण बोट हातोहात विकली जाते तेव्हा काय होतं? आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी वर ओढलेल्या, शाकारलेल्या. अशा दिवसांत सौदा झाला तर बोट समुद्रात नेऊन पूर्ण वेगाने पळवून बघता येत नाही. खरं तर इंजिनाची सर्वांत चांगली परीक्षा तीच. बोजा घेऊन ते कंपनीने सांगितलेल्या फेऱ्या गाठतं का, काळा धूर किती, पाणी किती तापतं. बोट जमिनीवर असताना इंजिन ड्रमच्या पाण्यावर फार तर थोडं चालवता येतं, बोज्याविना. बोज्याविना जवळजवळ प्रत्येक इंजिन गोड वाटतं. अशा वेळी कॉम्प्रेशनचा आकडा हाच खरा आधार उरतो.

ही टेस्ट करतात कशी? इंजिन गरम करून बंद करायचं. बॅटरी भरलेली हवी, नाहीतर स्टार्टर हळू फिरतो आणि आकडा खोटाच कमी येतो. इंधन तोडायचं. सगळे नोझल काढायचे, एकेका भोकात अॅडॅप्टर बसवून डिझेलसाठीचाच गेज लावायचा. पेट्रोलच्या गाडीचा गेज इथे चालत नाही, दाब दुपटीहून जास्त असतो. मग स्टार्टर मारून प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहायचा. लहान डिझेल इंजिनांत साधारण २५ ते ३० किलोच्या घरात आकडे येतात, पण नेमकी मर्यादा त्या त्या कंपनीच्या पुस्तकात बघावी. आणि एकट्या आकड्यापेक्षा आकड्यांमधला फरक जास्त बोलतो. सगळे सिलिंडर थोडे थोडे उतरलेले असतील तर ते वय आहे. तीन चांगले आणि एकच फार खाली, तर तो दोष आहे. शेजारचे दोन खाली असतील तर दोघांमधलं गॅसकेट आधी बघावं.

दोष कुठे, हे शोधायला पिस्टन वरच्या टोकाला आणून कॉम्प्रेसरची हवा आत सोडतात आणि कान लावतात. फिल्टरकडून आवाज आला तर इनलेट वॉल्व्ह, एक्झॉस्टमधून आला तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, ऑइल ओतायच्या तोंडातून आला तर रिंगा आणि लायनर, पाण्याच्या टाकीत बुडबुडे आले तर गॅसकेट किंवा हेड. पेट्रोल इंजिनात सिलिंडरमध्ये थोडं ऑइल ओतून पुन्हा मोजायची युक्ती आहे. डिझेलमध्ये वरची जागा फारच कमी असते, ऑइल दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून तिथे ती टाळलेली बरी.

मग ही टेस्ट रोज का होत नाही?

याचं उत्तर तांत्रिक कमी आणि सामाजिक जास्त आहे. खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं बसलेला नोझल सहज निघत नाही. स्टड तुटतो, बूड अडकतं. इंजिन अजून विकणाऱ्याचं असतं. तुटलं तर भरायचं कुणी? म्हणून मालक म्हणतो, ‘इंजिन चालू आहे ना, ऐका आवाज, खोलायचं कशाला?’ पाश्चात्त्य देशांतही बोटीचे अनेक सर्व्हेअर सांगाड्याचा अहवाल देतात आणि इंजिनासाठी वेगळा माणूस आणा असं लिहून मोकळे होतात. १७६४ मध्ये सांगाड्याला अक्षर मिळत होतं. लहान बोटीच्या इंजिनाला अजूनही बऱ्याचदा मिळत नाही.

म्हणून जाणते लोक आडवाटेने माहिती काढतात. पहिली गोष्ट, इंजिनाला हात लावून बघायचा. गिऱ्हाईक यायच्या आधीच ते गरम करून ठेवलं असेल तर शंका घ्यायची, कारण कॉम्प्रेशन गेलेलं इंजिन थंड असतानाच सापडतं. सकाळी, थंड इंजिन, पहिला स्टार्टर. किती वेळ फिरलं, पांढरा धूर किती वेळ राहिला? मग ऑइलचं झाकण काढून आतून वाफ आणि हवा फुसफुसते का ते बघायचं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. हे सगळे साक्षीदार आहेत, पण आकड्याची जागा ते पूर्ण घेत नाहीत.

आता एक नवी पद्धत आली आहे. स्टार्टरच्या केबलभोवती चिमटा लावून विजेचा प्रवाह पडद्यावर बघतात. पिस्टन हवा दाबतो तेव्हा स्टार्टरला जोर लागतो, प्रवाह वर जातो. चार सिलिंडर असतील तर चार उंचवटे. एक बुटका दिसला तर तो सिलिंडर हवा सोडतोय. नोझल काढायला नको, स्टड तुटायची भीती नाही. यातून नेमका दाब कळत नाही, फक्त आपापसातली तुलना कळते, आणि सगळेच सारखे झिजले असतील तर ही पद्धत गप्प बसते. पण विचार करा, शेतकऱ्याच्या मनगटाला जो विरोध जाणवत होता, तोच आता तारेत वाचला जातो. गेलेली खिडकी थोडीशी परत उघडली आहे.

या सगळ्यातून आम्हाला दिसतं ते असं. सिलिंडरच्या आतला दाब मोजायचं ज्ञान सव्वादोनशे वर्षं आपल्याकडे आहे. अडचण ज्ञानाची कधीच नव्हती, ते कुणाच्या हाती आहे याची होती. वॉटकडे ते होतं, ग्राहकाकडे नव्हतं. बुशकडे माणूस पाठवायला पैसे होते. मोठ्या जहाजाकडे कॉक आहे आणि वही आहे. कर्ज काढून जुनी बोट घेणाऱ्या नाखव्याकडे यातलं काहीच नसतं, आणि त्या बोटीवर तांडेल आणि खलाशी मिळून कित्येक घरांची माणसं असतात.

उपायही इतिहासातच आहे, आणि तो महाग नाही. पहिला, तिसरा माणूस. दोघांच्याही ओळखीचा नसलेला, किंवा दोघांनाही मान्य असलेला मेकॅनिक, आणि काही तुटलं तर खर्च कुणाचा हे आधीच कागदावर. दुसरा, वही. नोझल दुरुस्तीला तसेही निघतातच. त्याच दिवशी गेज लावून आकडे लिहून ठेवले तर जादा खर्च जवळजवळ शून्य. पाच वर्षांचे आकडे असलेली वही विकणाऱ्यालाही चांगली किंमत मिळवून देईल, कारण चांगलं इंजिन असलेला मालकही आज शब्दाशिवाय काही दाखवू शकत नाही. सोसायट्यांनी हे मनावर घेतलं तर एका मोसमात सुरुवात होऊ शकेल. नारळी पौर्णिमेला नारळ सोडण्याआधी बोटीची डागडुजी होतेच, त्यात चार आकडे लिहायचं काम वाढवायचं, एवढंच.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.